57 नंबरची गल्ली

चांगली चप्पल घालून येऊ नका. का, ते पुढे कळेल. घड्याळ, अंगठी, वाढदिवसाला मिळालेलं पाकीट घरीच ठेवा, आणि परत मिळाले नाहीत तरी हळहळ वाटणार नाही असे कपडे घाला. आपण 1987 च्या सप्टेंबरात निघालोय, ब्राझीलच्या बरोब्बर मध्यावर, गोयानिया नावाच्या शहरात.

पोचलात? आता खोकून घ्या. इथे पहिला घास धुळीचाच मिळतो. कोकणातल्या जांभ्याला लाजवेल अशी तांबडी माती आहे, आणि महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नसल्यामुळे ती आता जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असते. बोलता बोलता ओठ चिरतात. रस्त्याकडेच्या इपेच्या झाडांवर पान दिसत नाही, नुसती पिवळीधमक फुलं. गाड्यांच्या धुराला गोडसर, आंबूस वास येतोय, आणि तुम्हाला वाटतंय ते खरंच आहे: तो दारूचाच वास आहे. इथल्या बहुतेक नव्या गाड्या उसाच्या अल्कोहोलवर पळतात. कोपऱ्यावरच्या टपरीत चीज घातलेले गोल पाव भट्टीतून निघालेत, शेजारी मक्याच्या पानात गुंडाळलेली पामोन्या वाफाळतेय, रेडिओवर दोन गावरान गळे प्रेमभंगावर रडतायत. लोक बोलतायत ती पोर्तुगीज. तुमच्या ओळखीत पणजीचे कुणी आजोबा असतील तर एखाददुसरा शब्द कानाला लागेल.

एरवी अशा सफरीत मी म्हणालो असतो, वास घ्या, हात लावा, चाखून बघा. इथे तसं करू नका. आपण जी वस्तू बघायला आलोय तिला वास नाही. ती आवाज करत नाही. पाचही ज्ञानेंद्रियं शाबूत असलेला माणूस तिच्या शेजारी बसून जेवू शकतो, आणि पुढच्या पंधरवड्यात बरेच जण तसे जेवणार आहेत. तुम्हाला काही होणार नाही, एवढी सोय मी केलीय. पण मध्ये पडून काही थांबवायचं नाही. पाहुण्यांना ती परवानगी नसते.

आज रविवार. पारानाइबा हमरस्त्यावर सुस्ती आहे. ही समोरची अर्धवट पाडलेली इमारत म्हणजे एकेकाळचा कर्करोगाचा खासगी दवाखाना. दोनेक वर्षांपूर्वी तो दुसऱ्या जागी गेला. जाताना कोबाल्टचं यंत्र नेलं, सिझियमचं इथेच ठेवलं, आणि ज्या सरकारी आयोगाने परवाना दिला होता त्याला कुणी कळवलं नाही. कागदोपत्री ते यंत्र जिथे असायला हवं तिथेच होतं, म्हणून ते हरवलं असं कुणालाच वाटलं नाही. मालकीचे वाद आहेत, ते वकील बघून घेतील. तुम्ही आत डोकवा. विटांचा चुरा, दारं नसलेल्या चौकटी, लघवीचा उग्र दर्प. आणि आतल्या खोलीत दोन तरुण घामाघूम होऊन एक भलंमोठं लोखंडी डोकं खिळखिळं करतायत.

ते चोर म्हणावेत इतके सराईत नाहीत. आत जड काहीतरी आहे, शिसं आहे, भंगारात चार पैसे येतील एवढंच त्यांच्या कानावर आलंय. यंत्रावर इशाऱ्याचं चिन्ह असतं तरी काय झालं असतं? पिवळ्यावर काळी तीन पाती बघून तुम्हाला आधी काय आठवतं? पंखा. कवटी, हाडं आणि पळणारा माणूस दाखवणारं, शाळेत न गेलेल्यालाही कळेल असं लाल चिन्ह जगाने ठरवलं 2007 साली. आज इथे त्याला वीस वर्षं अवकाश आहे.

लोखंडाच्या पोटातला गाभा सुटला. एकचाकी हातगाडीत तो धप्पकन पडतो, चाक कुरकुरतं. चला त्यांच्यामागे, फार लांब नाही, अर्ध्या किलोमीटरवर. हे शहर 1933 मध्ये कागदावर आखून मग वसवलेलं, त्यामुळे बऱ्याच गल्ल्यांना नंबर आहेत. ही 57 नंबरची. बैठी घरं, दारात बसलेल्या बायका, चेंडूमागे धावणारी पोरं, कुणाच्या तरी खिडकीतून फुटबॉलची कॉमेंट्री. गाडी एका अंगणात शिरते आणि आंब्याखाली थांबते. हो, आंबाच. पोर्तुगीजांनी तो इथे रुजवला आणि त्याने मुक्काम कायमचा केला. सावली ओळखीची आहे म्हणून बसू नका.

दोघांना उलट्या सुरू झाल्यात. कारण त्यांना ठाऊक आहे: काहीतरी बाधलं. दोन दिवसांनी एक जण डॉक्टरकडे जातो, डॉक्टरलाही तेच वाटतं. एकाचा हात सुजलाय. तरी रोज थोडा वेळ काढून आंब्याखाली ठोकाठोक चालू असते. धातूवर धातू, मग शिवी, मग पुन्हा धातू. शेवटी स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका पातळशा खिडकीतून आत घुसतं. आत भुकटी आहे. बंदुकीची दारू असेल म्हणून ती पेटवूनही बघतात. पेटत नाही. म्हणजे कामाची नाही. मग हे सगळं विकून टाकायचं.

विकायचं कुठे, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. शुक्रवारी तुम्ही भंगारवाल्याच्या आवारात उभे आहात. कपाळावर ऊन, पायाखाली तेलाने काळी पडलेली माती. घणाचे घाव, पत्र्याची करकर, साखळीने बांधलेल्या कुत्र्याचं केकाटणं. तांब्याच्या तारेवरचं रबर जाळल्याचा धूर घशात बसतो. रद्दीचे गठ्ठे, फुटक्या शेगड्या, मोटारींचे रेडिएटर, बाटल्यांचा डोंगर. एखादी वस्तू पूर्वी काय होती याच्याशी इथे कुणाला देणंघेणं नसतं. वजनकाट्यावर चढली की ती लोखंड, शिसं नाहीतर पितळ. हा धंद्याचा शहाणपणा आहे आणि एरवी त्यात काही चूक नाही. 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातलं वर्षानुवर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावात काढलं, तेव्हा मायापुरीच्या भंगार बाजारानेही ते असंच वजनावर घेतलं. आत कोबाल्ट-60 होतं. तिथेही एक माणूस गेला. मुंबईत अणुशक्तीनगरला देशाची अणुऊर्जा नियामक परिषद बसते, तिला पहिली खबर कुठल्या यंत्राने दिली नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी दिली.

असो, इथे अजून शुक्रवार आहे. सौदा झाला, गाभा शेडमध्ये ढकलला गेला, दिवस मावळला.

रात्री मात्र झोपू नका. भंगारवाला शेडकडे जातोय, त्याच्या चार पावलं मागे चला. अंधार. रातकिडे. डिझेल आणि गंज यांचा वास. आणि त्या लोखंडाच्या भोकातून निळा उजेड येतोय.

खरं सांगा, तुम्ही काय केलं असतंत? आत्ता तुम्ही जे करताय तेच: श्वास रोखून पुढे वाकलात. ज्योत नाही, तार नाही, बॅटरी नाही, आणि तरीही प्रकाश. मोठा नाही, पण डोळे हलत नाहीत त्याच्यावरून. ज्याच्या आयुष्यातलं सगळं सामान दुसऱ्याने फेकून दिलेलं, त्याच्या वाट्याला अचानक हे आलं. भंगारवाल्याला ते सुंदर वाटलं, मौल्यवान वाटलं, दैवीसुद्धा वाटलं, आणि तो ते घरात घेऊन गेला. मला त्याला मूर्ख म्हणवत नाही. त्याच्या जागी मीही ते शेडमध्ये ठेवलं नसतं.

पुढचे तीन दिवस घरात माणसं मावत नाहीत. शेजारी येतात, भाऊ येतो, ओळखीपाळखीचे येतात. दिवा मालवा, दार लावा, आता बघा! हशा, कुजबुज, पोरांची किंचाळी. कॉफीचे छोटे पेले फिरतायत, गर्दीच्या घामाने खोली कोंदलीय. एक मित्र स्क्रू ड्रायव्हरने तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढतो आणि यजमान ते मोकळ्या हाताने वाटतो. तुला घे, तुझ्या घरच्यांना ने. कुणी खिशात टाकतं, कुणी कार्निव्हलची चमकी लावावी तसं दंडावर, गळ्यावर चोळतं. कातडीवर निळे ठिपके चमकतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. तुमच्याही तळहातावर कुणीतरी एक दाणा ठेवतो. ठेवू द्या. बघा, किती हलका आहे.

या घरात आलेली सगळी भुकटी मिळून शंभर ग्रॅमही नव्हती: 93 ग्रॅम सिझियम क्लोराइड. आपल्या मिठाची सख्खी बहीण. पाण्यात विरघळते, घामाला चिकटते, हातावरून दाराच्या कडीवर, कडीवरून दुसऱ्या हातावर, तिथून भाकरीवर जाते. बंद डब्यात असताना कर्करोगाच्या गाठींवर नेमका किरण सोडायचं काम ती इमानाने करत होती. उघड्यावर आल्यावर ती इतकी प्रखर की मीटरभर अंतरावर तासभर बसणाऱ्या माणसांपैकी निम्मे उपचारांशिवाय वाचणार नाहीत. आणि उजेडात ती चमकतही नाही. दुपारी बघाल तर टेबलावर सांडलेलं काहीतरी पांढुरकं, फडक्याने पुसून टाकावं असं.

भावाच्या घरी तुम्हाला नेणार नव्हतो, पण टाळताही येत नाही. संध्याकाळचं जेवण चाललंय. टेबलावर ते दाणे ठेवलेत. सहा वर्षांची मुलगी त्यांच्याशी खेळते आणि त्याच हातांनी जेवते. जेवण साधंच आहे, घर आनंदात आहे. बाहेर पडू या.

बाहेर पाऊस! एवढे दिवस ज्याची वाट बघितली तो मोसमातला पहिला दणका कौलांवर कोसळतोय. तांबडी धूळ बसली, मातीचा वास उठला, गटारं धावू लागली, पोरं ओली होऊन नाचतायत. तुमच्याही चेहऱ्यावर हसू आलं. पावसाने सगळं धुऊन जाईल अशी आशा तुम्हाला वाटली असेल तर माफ करा, तो धुऊन नेत नाही, पसरवतो. अंगणातली भुकटी आता छपरांवरही आहे.

आणि शहर कशात गुंग आहे? मोटारसायकलींत. या रविवारी इथे जागतिक शर्यत आहे. परदेशी माणसं, रंगीत टोप्या, तिकिटांचा काळाबाजार नसेल तर ते शहर कसलं. कानात कापूस घाला. पाचशे सीसीची इंजिनं एकदम सुटतात तेव्हा आवाज कानात शिरत नाही, छातीत शिरतो. जळक्या तेलाचा निळसर धूर, रबराचा वास, उन्हाने तापलेली बाकं. ऑस्ट्रेलियाचा वेन गार्डनर जिंकतो, आणि त्याबरोबर जगज्जेताही होतो. लोक नाचत घरी जातात. तुम्हाला एकट्याला ठाऊक आहे की याच शहरात काही अंगणांतून आत्ता काय पडलंय. गर्दीत असं काही ठाऊक असणं फार एकाकी असतं, नाही?

पण तुम्ही अगदी एकटे नाही आहात. भंगारवाल्याच्या घरात एक बाई आहे. तिलाही शंका आलीय.

भंगारवाल्याची बायको. तिला स्वतःला उलट्या-जुलाब झाले, डॉक्टरांनी घरी आराम करायला सांगितलं. तेवढ्यात दीर आजारी, कामगार आजारी, शेजारी आजारी. सगळे सांगतायत, काहीतरी खाल्लं असेल. बाई मनातल्या मनात हिशेब मांडते. सगळ्यांनी एकच अन्न कुठे खाल्लं? नाही खाल्लं. मग एकच काय केलं? सगळ्यांनी ती निळी भुकटी पाहिली, हाताळली. तिच्याजवळ मीटर नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. रोगाची साथ शोधणारे तज्ज्ञ जे करतात ते तिने स्वयंपाकघरात केलं. या सगळ्या गोष्टीत, इतक्या माणसांत, पहिल्यांदा बरोबर उत्तर काढलं ते तिने. मला वाटतं, तिची गोष्ट सांगताना लोक तिच्याबद्दल हळहळतात फार आणि तिचं कौतुक करतात कमी.

सोमवार सकाळ. तो गाभा एव्हाना पुढच्या भंगारवाल्याकडे विकला गेलाय. बाई एका कामगाराला घेऊन तिथे जाते, उरलंसुरलं पिशवीत भरायला लावते, आणि दोघं बसच्या थांब्यावर येतात. चढा तुम्हीही. गर्दी आहे. सोमवारच्या बसला असते तशी: ओल्या छत्र्या, तेल लावलेले केस, शाळेची दप्तरं, खिडकीजवळ पेंगणारा म्हातारा. कंडक्टर नाणी खुळखुळवतोय. रस्त्याच्या खड्ड्याला सगळे एकदम डावीकडे झुकतात. पिशवी कामगाराच्या खांद्याला लागून आहे. पुढे त्या खांद्यावर भाजल्याची जखम उमटेल, पण आत्ता तो फक्त वैतागलाय, कारण पिशवी जड आहे. बाईचा चेहरा पांढराफटक. कुणीतरी तिला जागा देतं.

थोडं थांबा इथे. हरवलेला किरणोत्सारी पदार्थ सापडल्याची खबर अधिकाऱ्यांकडे कशी जाते, याच्या आज नियमावल्या आहेत. फोन कुणी कुणाला करायचा, किती तासांत, कुठल्या नमुन्यात. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था 1995 पासून हरवलेल्या, चोरलेल्या, बेकायदा विकलेल्या अशा मालाची जगभरातली नोंद ठेवते. ते सगळं चांगलंच आहे. पण आत्ता या क्षणी खबर देण्याची सगळी व्यवस्था म्हणजे ही आजारी बाई, ही बस आणि ही पिशवी.

आरोग्य खात्याचं कार्यालय. फिनेलचा वास, फायली, डुगडुगणारा पंखा. पिशवी डॉक्टरच्या टेबलावर येते. बाई सांगते की या वस्तूने माझी माणसं मरतायत. डॉक्टरने ते हसण्यावारी नेलं नाही, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. पण वस्तू काय आहे ते त्यालाही कळेना. काही वेळ ती टेबलावरच राहते. मग त्याला अस्वस्थ वाटतं, तो ती उचलून अंगणात भिंतीजवळच्या खुर्चीवर ठेवायला लावतो. बाईची रवानगी उष्णकटिबंधातल्या रोगांच्या इस्पितळात होते, जिथे तिच्यासारखे आणखी काही जण आधीच पडून आहेत आणि डॉक्टर कुठल्याशा साथीचा माग काढतायत. त्यातल्या एकाला कातडीवरच्या जखमा बघून वेगळीच शंका येते. फोन फिरतात. रात्रभर पिशवी खुर्चीवर बसून आहे, एखाद्या ताटकळलेल्या अर्जदाराने बसावं तशी.

मंगळवार. आता एका भौतिकशास्त्रज्ञाबरोबर चला, वाल्टर मेंडेस फेरेइरा त्यांचं नाव. त्यांनी सरकारी युरेनियम कंपनीच्या कचेरीतून एक मोजयंत्र उसनं आणलंय. सिंटिलोमीटर; खडकात युरेनियम आहे का ते शोधायला भूगर्भवाले वापरतात, म्हणजे अगदी क्षीण किरणांनाही दाद देणारं. कार्यालय अजून दूर आहे. सहज म्हणून ते यंत्र चालू करतात.

काटा सरळ शेवटच्या आकड्याला जाऊन धडकतो.

डावीकडे वळवा. तिथेच. उजवीकडे, मागे, खाली. तिथेच. शास्त्रज्ञ काय करतील? तुम्ही आम्ही जे करू तेच. यंत्र बिघडलंय म्हणतात, परत जातात आणि दुसरं आणतात. या वेळी निघतानाच चालू करतात. पुन्हा काटा टोकाला. आता त्यांच्या कपाळावरचा घाम उन्हाचा नाही. तुम्ही त्यांच्याकडे बघताय आणि त्या एका मिनिटात त्यांचा चेहरा बदलताना दिसतोय: दोन्ही यंत्रं ठीक आहेत, बिघडलंय ते शहर.

हे असं ‘चुकून’ कळणं या विषयात नेहमीचंच. तीन वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या हुआरेसमध्ये असाच एक कोबाल्टचा स्रोत भंगारात वितळून सळयांमध्ये गेला होता. ते उघडकीला आलं कसं, तर सळयांचा एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या दारावरून गेला आणि तिथला गजर वाजला. ड्रायव्हरने दुसरा रस्ता धरला असता तर त्या सळया कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये असत्या.

धावा, फेरेइरा धावतायत. कार्यालयाच्या आवारात लाल बंब उभा आहे. अग्निशमन दलाचे जवान पिशवी उचलायच्या बेतात आहेत, आणि त्यांचा विचार एकदम सरळ आहे: धोकादायक वस्तू ना, मग नदीत टाकू. शास्त्रज्ञ मधे पडतात. आवाज चढतात, हात हलतात, शिट्ट्या वाजतात, इमारत रिकामी होते. तुम्ही रस्त्यापलीकडे ढकलले जाता. मग क्रेन येते, गटाराच्या कामाचा एक सिमेंटचा पाइप खुर्चीसकट पिशवीवर उभा बसवतात आणि वरून काँक्रीट ओततात. खुर्ची अजून आतच असेल. रिओला फोन जातो, मध्यरात्र उलटताना अणुऊर्जा आयोगाचा पहिला माणूस विमानाने येऊन पोचतो.

आता तुमच्या चपलेचा विषय.

ऑलिम्पिक स्टेडियमवर रांग लागलीय. जिथे गोल झाल्यावर लोक उड्या मारतात त्या हिरवळीवर तंबू ठोकलेत. बायका कडेवर पोरं घेऊन, म्हातारे काठी टेकत, नोकरदार टाय सैल करून, सगळे उन्हात. पाणी विकणारा फेऱ्या मारतोय. अफवा त्याच्याहून जोरात फिरतायत: हवेतून येतं म्हणे, शिंकेतून येतं, अंडी खाऊ नका, त्या गल्लीतल्या माणसाशी हात मिळवू नका. एका बाईला रांगेतच उलटी होते आणि भोवतीची माणसं दहा पावलं मागे सरतात. तिच्या अंगावर पुढे काहीही सापडत नाही. उलटी भीतीची होती. दूर काही जणांना वेगळ्या तंबूत उतरवून घेतायत. त्यांच्याकडे बघायचं की नाही, हे कुणाला ठरवता येत नाही.

तुमचा नंबर आला. पांढऱ्या कपड्यातला मुलगा, रात्रभर झोपलेला नाही, एक नळकांडं तुमच्या अंगावरून फिरवतो. डोकं, खांदे, छाती: टक… टक… टक. तळहात: टकटकटक. तो हात पुन्हा तिथेच आणतो. आणि पायांशी आल्यावर त्या टकटकीची नुसती घरघर होते. तुम्ही 57 नंबरच्या गल्लीत, भंगारवाल्याच्या अंगणात, त्या घराच्या ओसरीवर फिरलात ना? चप्पल काढा. कपडेही. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पिंपात. साबण लावा, घासा, पुन्हा घासा, व्हिनेगर चोळा, नखं कापा. पाण्याखाली थरथरत असताना तुम्हाला पहिल्यांदा जाणवतं की आपलं अंग आपलं वाटत नाहीये.

डिसेंबरपर्यंत या शहरात 1 लाख 12 हजारांवर माणसं अशीच तपासली जातील. 249 जणांच्या अंगावर किंवा पोटात सिझियम सापडेल. चौघे दगावतील: ती लहान मुलगी, भंगाराच्या आवारातले दोन तरुण कामगार, आणि बसने पिशवी नेणारी बाई. मुलगी आणि बाई एकाच दिवशी गेल्या. पोटात सिझियम गेलेल्यांना इस्पितळात प्रशियन ब्लूच्या गोळ्या देतात, म्हणजे चित्रकारांच्या पेटीतलाच निळा रंग; तो आतड्यात सिझियम धरतो आणि बाहेर नेतो.

मेलेल्यांपाशी थांबायचं तर दुसरी सफर करावी लागेल, आणि तिला मी येणार नाही. आपल्याला शोध बघायचाय. बाहेर या, एक गाडी उभी आहे. आत मोजयंत्र, ड्रायव्हरशेजारी आकडे लिहून घेणारा. बसा मागे. अशी गाडी शहरातून बैलगाडीच्या चालीने हिंडते, गल्लीमागून गल्ली, एकूण 2000 किलोमीटर. खिडकीतून लोक बघतात आणि तुम्ही आपल्या दारासमोर थांबू नये म्हणून मनातल्या मनात नवस करतात. गाडी थांबली की खाली मान. वर हेलिकॉप्टर घोंघावतंय, त्यातही यंत्र आहे. सापडतं तरी कुठे कुठे! अंगणातल्या मातीत, छपराच्या पन्हळीत, भाजीच्या वाफ्यात, कुत्र्याच्या केसांत, खाटेवरच्या चादरीत. बँकांतल्या नोटा तपासल्या, एक कोटीहून जास्त. 68 नोटांवर सापडलं. भंगारवाल्याने दिलेले पैसे टपरीत गेले, टपरीतून बाजारात, बाजारातून बँकेत. सबंध शहर एकमेकांना किती हात लावतं, त्याचा असा नकाशा आजवर कुणी काढला नव्हता.

सात घरं पाडली. आंब्याच्या अंगणातली माती खरवडून काढली. पिंपं, पेट्या, कंटेनर भरत गेले; डब्यातला पदार्थ 93 ग्रॅम होता, कचरा निघाला साडेतीन हजार घनमीटर. तो आज शहराबाहेर आबादिया दे गोयासला पुरलाय. त्यात खेळणी आहेत, फोटोंचे अल्बम आहेत, कुणाचं लग्नाचं वस्त्र असेल. तुमची चप्पलही आहे. मी सांगितलं होतं.

निघण्याआधी एक कागद घ्या. शिक्का मारलेला, तुमच्या अंगावर किरणोत्सारी काही नाही असं लिहिलेला. असे हजारो दाखले वाटले गेलेत, कारण गोयानियाच्या नंबरप्लेटची गाडी दिसली की शेजारच्या राज्यांत लोक दारं लावून घेतात, तिथलं धान्य-भाजी कुणी घेत नाही. कागद खिशात नीट ठेवा आणि रात्रीची बस पकडा. सकाळी दुसऱ्या गावात उतरलात की आंघोळ आणि झोप, बाकी काही नको वाटेल. हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस हसून स्वागत करतो, वही पुढे सरकवतो, तुम्ही गावाचं नाव लिहिता. त्याचं हसू मावळतं. तुम्ही घाईने दाखला काढून दाखवता. तो दोन बोटांच्या चिमटीत धरून वाचतो, शिक्का बघतो, परत देतो आणि खोल्या संपल्याचं सांगतो. त्याच्या मागच्या फळीवर सगळ्या किल्ल्या लटकतायत.

वाद घालू नका, पुढच्या चौकात आणखी एक हॉटेल आहे. तिथे विचारलं तर ब्रासिलियाहून आलो म्हणा.